बर्फाआधी पैसे

मे महिन्याची दुपार. भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला आणि कूलरमध्ये ओतलेलं पाणीही कोमट झालेलं. अशात डेन्व्हरहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. म्हणाला, "मामा, पुढच्या हिवाळ्याचा स्कीइंगचा पास काढून टाकला. हजार डॉलर गेले, पण आता उशीर केला असता तर आणखी महाग पडला असता."

माय शेजारीच चिंचोके फोडत बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आजून बरफ पडना नही, नि पैसा आतेच भरी टाकात?"

भाचा हसला, मीही हसलो. पण सहकारी बँकेच्या कर्जखात्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला असा प्रश्न स्वस्थ बसू देत नाही. डोंगरावर बर्फ नाही, पडेल की नाही तेही कुणी सांगू शकत नाही, आणि लाखो लोक हजार-हजार डॉलर आधीच भरून मोकळे होतात. ज्या कंपनीकडे हे पैसे जातात ती 'व्हेल रिसॉर्ट्स'. आज तिच्याकडे 42 स्की-डोंगर आहेत. त्यातले 37 उत्तर अमेरिकेत, तीन ऑस्ट्रेलियात आणि दोन स्वित्झर्लंडमध्ये. यातले बहुतेक तिनं स्वतः उभारलेले नाहीत, विकत घेतलेले आहेत. एकामागून एक डोंगर घेत सुटायचं, हा धंदा चालतो कसा, ते आपल्या भाषेत सांगायचा हा प्रयत्न.

आपल्याकडे थंड हवेचं ठिकाण म्हणजे तोरणमाळ. तिथं दव पडतं, बर्फ नाही. त्यामुळे आधी स्की-डोंगर म्हणजे काय ते बघू. बर्फाळ उतार, त्यावरून घसरत यायचं, आणि परत वर जायला दोरावर फिरणाऱ्या खुर्च्या किंवा डबे. आपण ज्याला रोपवे म्हणतो तेच. वर जाण्याचे पैसे द्यायचे, खाली येणं फुकट. गुलमर्गचा गोंडोला पाहिलेल्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. फरक एवढाच की गुलमर्गचा गोंडोला सरकारी महामंडळाचा आहे, आणि अमेरिकेत हे बहुतेक सगळं खासगी कंपन्या चालवतात.

हिशेबाच्या बाजूनं पाहिलं तर स्की-डोंगर म्हणजे थेट आपली जिनिंग फॅक्टरी. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळा लागेपर्यंत आटोपतो. पण मशिनरीचं व्याज बाराही महिने चालू असतं. स्की-डोंगराचं तसंच. नोव्हेंबर ते एप्रिल एवढाच हंगाम. रोपवे, रात्रभर बर्फ दाबून सपाट करणारी यंत्रं, कृत्रिम बर्फ फेकणाऱ्या तोफा, उतारावर जखमी झालेल्यांना खाली आणणारं गस्ती पथक, या सगळ्यावर खर्च ठरलेला. दिवसाला शंभर माणसं आली काय नि दहा हजार आली काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. म्हणजे एका मर्यादेनंतर येणाऱ्या प्रत्येक माणसाचा पैसा जवळजवळ पूर्ण नफ्यात जातो, आणि ती मर्यादा गाठलीच नाही तर वर्ष बुडीत.

मर्यादा गाठायची की नाही हे आभाळाच्या हातात. कृत्रिम बर्फानं थोडं भागतं. पाण्याचे बारीक तुषार हवेच्या दाबानं उडवायचे आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. पण त्यालाही हवा गोठणबिंदूच्या आसपास किंवा खाली असावी लागते. हवाच उबदार राहिली तर तोफा नुसत्या उभ्या. आपला कोरडवाहू शेतकरी मृगापासून आभाळाकडे बघत बसतो, तसा जुन्या काळचा स्की-डोंगराचा मालक नाताळाकडे डोळे लावून बसायचा. नाताळाच्या सुट्टीत बर्फ असला तर वर्ष तरलं.

व्हेल हा मूळचा एकच डोंगर, कोलोराडो राज्यातला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराची एक तुकडी बर्फातल्या लढाईसाठी तयार केली होती. त्या तुकडीत राहिलेल्या पीट सायबर्टनं अर्ल ईटन या साथीदाराबरोबर हा डोंगर हेरला आणि डिसेंबर 1962 मध्ये तिथं स्कीइंग सुरू झालं. पुढे मालक बदलले, 1980 मध्ये शेजारी बीव्हर क्रीक उघडलं, आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्या वेळच्या मालकाच्या कर्जाखाली सगळा गाडा अडकला. मग अपोलो नावाच्या गुंतवणूक कंपनीनं तो हातात घेतला.

खरेदीचा खरा सिलसिला सुरू झाला तो जानेवारी 1997 मध्ये. ब्रेकनरिज आणि कीस्टोन हे दोन मोठे डोंगर विकणारी कंपनी कोण? रॅल्कॉर्प, पशुखाद्यवाल्या रॅल्स्टन प्युरिनातून वेगळी झालेली. म्हणजे मुळात ढेप विकणाऱ्याकडे डोंगर होते! सौद्यात अरापाहो बेसिन हा तिसरा डोंगरही होता, पण अमेरिकेच्या न्याय खात्यानं तो दुसऱ्याला विकायला लावला. एकाच भागातले सगळे डोंगर एकाच्या ताब्यात गेले तर तो मनाला येईल तो भाव लावेल, एवढं साधं कारण. बाजार समितीत एकच व्यापारी उरला तर केळीला काय भाव मिळेल, हे रावेर-यावलच्या माणसाला समजावून सांगायला नको. त्याच वर्षी कंपनी शेअर बाजारात उतरली.

आता, "डोंगर विकत घेतला" म्हणजे नेमकं काय घेतलं? बँकवाल्याचा पहिला प्रश्न सातबारा कुणाच्या नावावर, हाच असतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातले बहुतेक स्की-डोंगर सरकारी वनजमिनीवर आहेत. कंपनीला मिळतो तो वापराचा परवाना. त्याबद्दल ती उत्पन्नाच्या हिशेबानं सरकारला शुल्क भरते. म्हणजे जमीन वनखात्याची, वरचे रोपवे कंपनीचे, आणि पायथ्याशी असलेल्या काही एकरांवर हॉटेलं, दुकानं, पार्किंग. खरेदीत हातात येतो तो परवाना, यंत्रसामग्री आणि पायथा. डोंगर जिथल्या तिथेच, ज्याचा त्याचाच.

हे लक्षात घेतलं की यूटा राज्यातल्या पार्क सिटीची गोष्ट कळते. माझ्या मते या सगळ्या व्यवहारांतली ही सर्वांत मासलेवाईक गोष्ट. तिथली वरची जमीन मात्र खासगी होती. पाउडर नावाच्या कंपनीनं ती टॅलिस्कर या मालकाकडून खंडानं घेतलेली, तीही सत्तरीच्या दशकातल्या करारानं, वर्षाला जेमतेम दीड लाख डॉलर खंडावर. एवढ्या मोठ्या डोंगराला एवढा खंड म्हणजे आजोबांच्या काळात पडीक जमीन कुणाला तरी कसायला दिली आणि आता तिथं बागायत झाली, असला प्रकार. करारात एक अट होती: मुदत वाढवून हवी असेल तर 2011 च्या एप्रिलअखेर तसं लेखी कळवायचं. पाउडरचं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. दोनच दिवस! मालकानं सांगितलं, करार संपला.

भांडण कोर्टात गेलं. आणि 2013 मध्ये, भांडण चालू असतानाच, टॅलिस्करनं शेजारचा कॅनियन्स हा डोंगर व्हेलला वर्षाला अडीच कोटी डॉलर खंडानं दिला. पार्क सिटीचा खटला जिंकला तर ती जमीनही त्याच करारात येणार होती. कुठे दीड लाख, कुठे अडीच कोटी. पाउडरकडे एकच हुकूम उरला होता, तो म्हणजे पायथा. पार्किंग आणि खालचे रोपवे त्यांच्या मालकीचे. वरचा डोंगर व्हेलला मिळाला तरी तिथं माणसं पोचणार कशी? आपल्याकडे शेत एकाचं आणि शेतात जाणारा रस्ता दुसऱ्याच्या बांधावरून, यावरून तहसीलदारापुढे पिढ्यान् पिढ्या दावे चालतात, तोच पेच. शेवटी 2014 मध्ये कोर्टाचा कल मालकाच्या बाजूनं गेला, आणि पाउडरनं पायथा 18 कोटी 25 लाख डॉलरला व्हेलला विकून टाकला. 2015-16 च्या हंगामासाठी व्हेलनं दोन्ही डोंगर रोपवेनं जोडले आणि 7,300 एकरांचं अमेरिकेतलं सर्वांत मोठं स्की-क्षेत्र तयार झालं. तारीख चुकल्यामुळे ओव्हरड्यू झालेली खाती मी ढिगानं पाहिली, पण दोन दिवसांचा एवढा महाग उशीर नाही पाहिला.

असो. मुद्दा मायच्या प्रश्नाचा आहे.

2008 मध्ये व्हेलनं 'एपिक पास' काढला. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख रॉब कॅट्झ. किंमत 579 डॉलर, आणि त्यात कंपनीच्या सगळ्या डोंगरांवर हंगामभर वाटेल तितकं स्कीइंग. त्याआधी असा बंधनाविना चालणारा पास हजार डॉलरच्या बराच वर होता. लोकांना वाटलं कंपनीला वेड लागलं. पण स्वस्तात देण्याला एक अट होती: पास हंगाम सुरू होण्याआधीच घ्यायचा. जितका उशीर, तितका महाग. बर्फ पडल्यावर खिडकीवर येऊन तिकीट काढायचं तर तेही महाग. आज व्हेलला गर्दीच्या दिवशी खिडकीवरचं एका दिवसाचं तिकीट 300 डॉलरच्या वर जातं. चार दिवस स्कीइंग करायचं असेल तर पासच परवडतो. माणसानं मे महिन्यात पैसे भरावेत यासाठी खिडकीवरचा भाव मुद्दाम चढा ठेवलेला आहे.

मायला मी हे चिंचेच्या झाडावरून समजावलं. आमच्या शेताच्या बांधावर दोन चिंचा आहेत. आकडे हिरवे असतानाच व्यापारी येतो, झाडाकडे बघून अंदाज बांधतो आणि झाड उक्तं घेतो. पैसे आम्हाला तेव्हाच मिळतात. पुढे वादळ झालं, चिंच झडली, भाव पडला, तर नुकसान व्यापाऱ्याचं. आम्ही मोकळे. एपिक पासनं हेच केलं, फक्त व्यापाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाला उभं केलं. बर्फ पडला नाही तर धोका आता कंपनीवर कमी आणि माझ्या भाच्यावर जास्त. आणि भाचा तो धोका हसत घेतो, कारण त्याला तो स्वस्त सौदा वाटतो. धंद्याची ही चाल मला फार हुशारीची वाटते. थोडी चीडही येते, ते वेगळं.

जळगावच्या केळीला हवामानावर आधारित पीकविमा आहे. तापमान ठरलेल्या आकड्यापलीकडे गेलं की भरपाई. तिथं धोका घ्यायला विमा कंपनी असते आणि हप्त्यात सरकार भर घालतं. व्हेलनं विमा कंपनीशिवायच विमा उतरवला, आणि वर हप्ता गिऱ्हाइकाकडून घेतला.

आता डोंगर विकत घेण्याचा अर्थ लागतो. पासच्या किमतीत आणखी एक डोंगर घातला की पास जास्त लोकांना हवासा वाटतो. जास्त पास विकले गेले की बर्फाआधीच जास्त रोकड हातात, आणि त्या भरवशाच्या रोकडीवर पुढचा डोंगर घेता येतो. शिवाय धोका विखुरतो. आपल्याकडेही जुनी माणसं जमीन एकाच शिवारात घेत नसत. एक तुकडा तापीकाठी, एक सातपुड्याच्या पायथ्याशी. एका शिवारात पाऊस रुसला तर दुसऱ्यात पिकतं. कोलोराडोत बर्फ कमी पडला तर कॅलिफोर्नियात पडेल, तिथंही नाही तर कॅनडात. 2016 मध्ये कंपनीनं कॅनडातलं व्हिस्लर ब्लॅककोम्ब घेतलं, सुमारे 140 कोटी कॅनेडियन डॉलरला. 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या डोंगरउतारांवरच्या शर्यती याच व्हिस्लरला झाल्या होत्या. व्हिस्लरच्या खरेदीआधी एक वर्ष, 2015 मध्ये, ऑस्ट्रेलियातलं पेरिशर घेतलं. तिथला हिवाळा जून ते सप्टेंबर. म्हणजे रब्बीवाल्यानं खरिपाची जमीनही घेऊन ठेवली.

पण सगळ्यात गमतीची खरेदी छोट्या टेकड्यांची. 2012 मध्ये कंपनीनं मिनियापोलिसजवळचं ॲफ्टन आल्प्स आणि डेट्रॉइटजवळचं माउंट ब्रायटन घेतलं, 2016 मध्ये शिकागो आणि मिलवॉकी यांच्या मधलं विल्मोट. कोलोराडोच्या मानानं या अगदीच टेकाडं. तिथं कोण जगप्रसिद्ध कंपनी जाईल? पण या शहरांत लाखो लोक राहतात. घराजवळच्या टेकडीवर शनिवार-रविवारी पोरांना शिकवायचं आणि वर्षातून एकदा विमानानं मोठ्या डोंगरावर जायचं, अशी त्यांची रीत. टेकडी आपली असली की त्यांच्या हातात पास आपला, आणि मग वर्षाची मोठी सहलही आपल्याच डोंगरावर. जळगावच्या सराफानं चोपड्यात छोटं दुकान टाकावं ते तिथल्या विक्रीसाठी नव्हे, लग्नाचा बस्ता बांधायला निघालेलं कुटुंब दागिन्यांसाठी आपल्याच पेढीवर यावं म्हणून, तसं हे. 2019 मध्ये पीक रिसॉर्ट्स ही कंपनी घेऊन एका झटक्यात असे 17 डोंगर आले, किंमत सुमारे 26 कोटी डॉलर.

घेत सुटण्याचा हा मार्ग सगळ्यांनाच लाभतो असं नाही. लेस ऑटन या माणसानं मेन राज्यातल्या एका डोंगरापासून सुरुवात करून 1996 मध्ये 'अमेरिकन स्कीइंग कंपनी' उभी केली. किलिंग्टन, माउंट स्नो, स्टीमबोट, हेवनली, कॅनियन्स अशी मोठमोठी नावं घेतली. पण घेतली ती कर्जावर, आणि वर पायथ्याशी हॉटेलं बांधायला आणखी कर्ज. बर्फाआधी एपिकइतका पैसा गोळा करणारा पास त्यांच्याकडे नव्हता. 2002 मध्ये हेवनली विकावं लागलं, घेणारी व्हेल. 2007-08 मध्ये उरलंसुरलं सगळं विकून कंपनी संपली. त्या विक्रीत माउंट स्नो पीक रिसॉर्ट्सकडे गेला आणि कॅनियन्स टॅलिस्करकडे. पुढे दोन्ही फिरून व्हेलकडेच आले. कर्ज मंजूर करताना आम्ही विचारायचो, परतफेड कशातून? या दोन कंपन्यांतला सगळा फरक त्या एका प्रश्नात मावतो.

खरेदी करून वाढण्याचं उदाहरण बघायला आपल्याला अमेरिकेतच जायला हवं असं नाही. जैन इरिगेशननं जळगावातून निघून इस्रायलच्या नानदान कंपनीचा निम्मा हिस्सा 2007 मध्ये घेतला, उरलेला 2012 मध्ये. जगभर नाव झालं, कर्जही वाढलं, आणि 2019 मध्ये कर्जफेडीची ओढाताण सुरू झाली. मग परदेशातला सिंचनाचा धंदा 2023 मध्ये रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा भार उतरवला. ठिबकच्या नळ्यांचे पैसे शेतकरी बर्फाआधी, म्हणजे पावसाआधी भरत नाही. उलट अनुदान उशिरा येतं आणि उधारी वाढते. दोन्ही धंदे आभाळावर अवलंबून, पण पैसा हातात येण्याची वेळ अगदी उलटी.

व्हेलच्याही मागे आता कटकटी लागल्या आहेत. पास स्वस्त झाला, मग गर्दी झाली, रोपवेखाली तासतास रांगा. 2018 मध्ये अल्टेरा नावाच्या कंपनीनं 'आयकॉन पास' काढला आणि बरेच नावाजलेले डोंगर त्या गटात गेले. 2021 मध्ये व्हेलनं पासची किंमत एकदम 20 टक्क्यांनी उतरवली. त्याच्या पुढच्या हंगामात कामाला माणसं पुरेशी मिळाली नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या 'स्टीव्हन्स पास' नावाच्या व्हेलच्या डोंगरावर निम्मेअधिक उतार बंद पाहून पासवाल्यांनी तक्रारीचा अर्ज फिरवला, त्यावर 40 हजारांहून जास्त सह्या झाल्या. डोंगराच्या गावांत बाहेरच्यांनी घरं घेतल्यानं भाडी एवढी वाढली की रोपवे चालवणाऱ्या पोराला तिथं राहणं परवडेना. 2024 च्या डिसेंबरअखेर, ऐन सुट्टीत, पार्क सिटीच्या गस्ती पथकानं संप केला. मागणी होती सुरुवातीची मजुरी तासाला 21 डॉलरवरून 23 करण्याची. सुमारे दोन आठवडे बरेचसे उतार बंद राहिले. 300 डॉलरचं तिकीट काढून लोक रांगेत उभे, आणि कंपनी अडून बसलेली दोन डॉलरवर. शेवटी कंपनीनं मागणी मान्य केली. 2021 मध्ये प्रमुखपद सोडलेले कॅट्झ मे 2025 मध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर आले.

अमेरिकेत घेण्याजोगे मोठे डोंगर आता फारसे उरलेले नाहीत. म्हणून कंपनी आल्प्सकडे वळली. 2022 मध्ये स्वित्झर्लंडच्या आंडरमाट-सेद्रुनचा 55 टक्के हिस्सा घेतला, 2024 मध्ये क्रां-मोंटाना. पण तिथं रोपवे एकाचा, हॉटेल दुसऱ्याचं, स्कीइंग शिकवणारी शाळा तिसऱ्याची, आणि गावाचा शब्द सगळ्यांच्या वर. तिकीटही अमेरिकेच्या मानानं बरंच स्वस्त. सगळं एकाच गल्ल्यात ओढायची अमेरिकन रीत तिथं कितपत जमेल, याबद्दल मला शंका आहे.

हे सगळं मी मायला दोन संध्याकाळी थोडं-थोडं सांगितलं. पार्क सिटीच्या पत्राची गोष्ट तिला सर्वांत आवडली. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, बर्फ नाहीच पडला तर पोराचे पैसे परत देतात का?

भाच्याला फोन लावून विचारलं. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनानं डोंगर बंद पडले तेव्हा कंपनीनं पासवाल्यांना पुढच्या वर्षासाठी निदान 20 टक्के सूट दिली होती. आता डोंगर बंद राहिला, पाय मोडला, नोकरी गेली, तर काही परत मिळण्याची सोय पासमध्येच असते. पण बर्फ कमी पडला एवढ्यावर काही मिळत नाही.

माय म्हणाली, औंदा चिंचवाला आला की त्याला सांग, पुढच्या पाच वर्षांचे पैसे आजच दे म्हणावं.